एकोणीस नंबर, वाट पाहतोय

आमच्या धक्क्यावर सकाळी साडेसहाला जो आवाज घुमतो तो माझा. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथे मी बसते. समोर माइक, छतावर दोन भोंगे. एकाचं तोंड समुद्राकडे, दुसऱ्याचं वस्तीकडे. तेवीस वर्षं झाली या खुर्चीवर. लोक मला भोंगेवाली म्हणतात, पाठीमागे नाही, तोंडावरच. सुरुवातीला राग यायचा. आता कुणी 'बाई' म्हणून आदराने हाक मारली तर मीच मागे वळून बघते, कोण आलंय म्हणून.

बातम्या म्हणजे गावात जे जे होतं ते. कुणाला मुलगी झाली, कुणाचं लग्न ठरलं, डॉक्टर या आठवड्यात येणार की दांडी मारणार, नळाला पाणी किती वाजता. बर्फाच्या कारखान्यातल्या म्हाताऱ्याची कवळी हरवली तेव्हा मी ते सलग चार दिवस वाचलं. अख्खं गाव चार दिवस खाली बघत चाललं आणि कवळी निघाली त्याच्याच कोटाच्या खिशात. हे सांगायला तो काही आला नाही. मीच सांगून टाकलं, दोनदा. दोन जावा आहेत, एकाच घरात राहतात, एकमेकींशी बोलत नाहीत. त्या माझ्यामार्फत भांडतात. एकीची चिठ्ठी येते, 'आमच्या दोरीवर ज्यांनी चादरी घातल्यात त्यांनी त्या आपणहून काढाव्यात.' दुसऱ्या दिवशी दुसरीची, 'दोरी कोणाच्या नवऱ्याने बांधली ते आधी आठवावं.' मी दोघींचं वाचते. भोंग्याला काय त्याचं, आणि मला तरी काय?

सगळ्यात शेवटी, एखादी बोट ठरल्या वेळी परतलेली नसेल तर तिचा नंबर वाचायचा. 'अमुक नंबर, वाट पाहतोय.' इतकंच, पुढे काही नाही. ही रीत माझ्याही आधीपासूनची. आणि हे वाचणं थांबवायचं कधी, हे ना सोसायटी ठरवते ना मी. त्या घरातलं जवळचं माणूस कचेरीत येतं, 'बस' म्हणतं, आणि दुसऱ्या दिवसापासून तो नंबर वाचला जात नाही. कुणी आठव्या दिवशी येतं, कुणी विसाव्या. एकदा एक बाप तिसऱ्याच दिवशी आला तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती. मला तो सगळ्यांत शहाणा वाटला होता.

एकोणीस नंबर मी अडतीस दिवस वाचत होते.

एकोणीस नंबर म्हणजे माझ्या नणंदेच्या मुलाची बोट. माझा भाचा. अठ्ठावीस वर्षांचा, लग्नाचं काढलं की 'बघू' म्हणून उठून जाणारा. बोट लहान, दोन माणसांची. त्या दिवशी त्याचा जोडीदार तापाने फणफणला होता, म्हणून हा एकटाच निघाला. मी वरून खिडकीतून त्याला बघितलं. त्याने हात केला. माझ्या हातात चहाचा कप होता, मी कप वर केला. शेवटची भेट म्हणायची तर ही.

आता चौथ्या दिवसाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडे धुकं उतरलं की डोळे बिनकामाचे. बोटी ओळखायच्या त्या आवाजावरून. खाली मासे निवडत बसलेल्या बायका मान वर न करता सांगतात, 'सात नंबर आली', 'ती बत्तीस, आजही खोकतेय'. एकोणीसचं इंजिन तर बहिऱ्यालाही कळावं असं होतं. तीन ठोके नीट पडायचे आणि चौथ्याला अडखळायचं, लंगड्या माणसाने जिना चढावा तसं. पोरं त्याची नक्कल करत शाळेत जायची.

तर चौथ्या दिवशी सकाळी हात समोर धरला तर दिसू नये असं धुकं होतं. मी बातम्या संपवल्या, 'एकोणीस नंबर, वाट पाहतोय' म्हटलं, बटण बंद केलं. आणि तो आवाज आला. तीन ठोके, अडखळ. तीन ठोके, अडखळ. खाली बायका एकदम गप्प झाल्या, कोयते खाली ठेवल्याचा आवाज आला.

आमचा नियम असा की दोर खुंट्याला बांधल्याशिवाय बोट आली असं म्हणायचं नाही. हा नियम मीच इतरांना शिकवलाय, चांगला दटावून. तरी मी बटण दाबलं आणि ओरडले, "एकोणीस नंबर आली! वन्सं, आला बघा तुमचा, खाली या!" तेवीस वर्षांत मी त्या माइकवरून कुणाला नात्याने हाक मारली नव्हती.

अर्धं गाव धावलं. वन्सं अनवाणी आल्या, हातात जाळं विणायची सुई तशीच, सुईला दोरा, दोऱ्याला वीतभर जाळं. मीही जिना उतरून गेले. धुक्यातून जी बोट बाहेर आली ती निळी होती, टेकडीपलीकडच्या बंदराची. तिच्यावरच्या म्हाताऱ्याने इंजिन बंद केलं आणि एवढी माणसं बघून तोच घाबरला. "काय झालं? कोण गेलं?" असं विचारायला लागला.

भाच्याने तीन आठवड्यांपूर्वी नवं इंजिन बसवलं होतं. जुनं या म्हाताऱ्याने नेलं होतं. आणि जुनं इंजिन द्यायचंय हे गावाला कुणी सांगितलं होतं? मीच. सलग तीन सकाळी माझ्याच तोंडाने, 'एकोणीस नंबरचं जुनं इंजिन, चालू स्थितीत, हवं असल्यास भेटावं.' भाचा खाली उभा राहून हसत होता, 'मामी, अडखळतं ते सांगू नको.' इतकी वर्षं बातम्या वाचून माझं असं झालंय. तोंडातून जातं, डोक्यात काही शिरत नाही.

सहाव्या दिवशी एकोणीस असं रंगवलेला एक प्लास्टिकचा डबा लांब दक्षिणेला सापडला. शोधायला गेलेल्या बोटी परत आल्या. सगळ्यांना कळायचं ते कळलं.

मला कुणी काही बोललं नाही. हेच वाईट. कुणी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मीही चार दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. त्याऐवजी मी बाजारात गेले की बायका सरकून जागा द्यायच्या, आजारी माणसाला देतात तशी. वन्सं तर समोरच आल्या नाहीत. मीही गेले नाही. शेजारणीच्या हाती जेवणाचा डबा पाठवायचे, तिच्याच हाती रिकामा परत यायचा, घासून लख्ख केलेला. आणि रोज सकाळी मी शेवटचं वाक्य वाचायचे. त्या 'बस' म्हणायला येत नाहीत, याचा अर्थ मी एकच काढला होता: मी 'आला' म्हणाले तेच त्या धरून बसल्यात. बोटीवरचा डबा सापडू दे नाहीतर आणखी काही, भोंग्यावरून सांगितलं होतं ना, मग येईल.

अडतिसाव्या दिवशी बातम्या संपल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी वर आला. हा माणूस कधी वर येत नाही, गुडघे दुखतात म्हणून खालूनच हाका मारतो. आला, खुर्चीवर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मावशी, एकोणीसचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? घरचं माणूस आलं नाही."

"खलाशी साडेसहाच्या आत बोटी सोडायला लागलेत. ते वाक्य कानावर नको म्हणून. नीट उजाडलेलं नसतं, सगळे एकदम घाई करतात. काल दोन बोटी एकमेकींना घासल्या, एकाचा हात मध्ये चिरडला असता."

"मग त्यांना सांगा, उजाडल्यावर सोडा."

"तुम्ही सांगून बघा." त्याने टोपी फिरवली. "तुम्हीही घरच्याच आहात की. तुम्हीच थांबवा."

"मामी म्हणजे आई नव्हे. आई जिवंत आहे, चार गल्ल्या सोडून राहते."

"मग जाऊन विचारा त्यांना."

तो गुडघ्यांना शिव्या देत उतरून गेला.

सांगायला सोपं. ज्या तोंडाने मी वन्संना मुलगा आला म्हणून खाली बोलावलं, त्याच तोंडाने आता जाऊन म्हणायचं, 'सोडा त्याला'? एकदा खोटी आशा दिली, आता खरीही काढून घ्यायची. दुपारपर्यंत मी कचेरीतच बसून राहिले. जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा लावला, परत विस्कटला, परत लावला. मग म्हटलं, आज गेले नाही तर उद्या सकाळी पुन्हा ते वाक्य, आणि उद्या कुणाचा तरी हात जाईल. उठले आणि गेले.

वन्सं जाळ्यांच्या गोदामावरच्या खोलीत राहतात. त्यांचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून लोकांची जाळी दुरुस्त करून त्यांनी घर चालवलं, मुलगा वाढवला. जिना अरुंद, शेवटची पायरी सैल आहे हे पायाला माहीत आहे. दार उघडंच होतं. त्या खिडकीखाली बसल्या होत्या. जाळ्याचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं, दुसरं पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, मधल्या भोकावर सुई चाललेली. मला बघितलं आणि म्हणाल्या, "ये. डबा आज स्वतः आणलास वाटतं."

"डबा नाही आणला."

"बरं झालं. कालच्या भाजीत मीठच नव्हतं."

मी बसले. कुठे बसले, तर रिकाम्या जागी. भिंतीलगत भाच्याची खाट असायची, त्यावर त्याचे कपडे, कपड्यांवर तो. आता तिथे नुसती फरशी होती, खाटेच्या चार पायांचे चार पांढरे डाग तेवढे उरलेले. दाराआडची खुंटी मोकळी. त्याचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दारात असायचे, वास यायचा त्यांचा, तेही नव्हते.

"वन्सं, खाट कुठे गेली?"

"खालच्या सुताराच्या सासऱ्याला दिली. त्याची कंबर धरली होती, जमिनीवर झोपत होता बिचारा."

"कधी?"

"झाले की बरेच दिवस. दहावा-अकरावा दिवस असेल. बूट भाजीवाल्याला दिले, त्याच्या पायाला नेमके बसले."

दहावा दिवस. म्हणजे अठ्ठावीस सकाळी आधी या बाईने सगळं आवरून टाकलं होतं.

"मग तुम्ही आला का नाहीत?"

"कुठे?"

"कुठे काय! कचेरीत. बस म्हणायला."

त्यांनी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. "तू रोज वाचत होतीस. तू वाचतेयस म्हटल्यावर मी कशी येऊ?"

"मी वाचत होते ते तुम्ही आला नाहीत म्हणून!"

खरं सांगते, मला रडू नाही आलं. राग आला, असा की जाळं ओढून खिडकीबाहेर फेकावंसं वाटलं. अडतीस सकाळी मी त्या वाक्याच्या आधी पाणी प्यायचे, आवाज चिरकू नये म्हणून. अडतीस सकाळी घसा दाबून ते म्हणायचे, कारण मला वाटायचं इकडे एक आई त्या वाक्याच्या जिवावर जगतेय. आणि इकडे आईने खाट देऊन टाकलेली.

"एक शब्द कळवायचा होतात," मी म्हणाले. "शेजारीण रोज येत होती ना? रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकायची होती. गावातल्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याकडेच येतात की!"

"ओरडू नकोस. खाली माणसं काम करतायत."

"ओरडणार! माझं कामच आहे ते!"

त्यांना हसू आलं. हसल्या आणि मग सुई खाली ठेवून त्यांनी डोळ्यांवर हात धरले. मी जाळ्यावरून पलीकडे जाऊ शकत नव्हते, पाय अडकला असता, म्हणून त्यांचा पायच धरून बसले.

"त्या दिवशी धक्क्यावर," त्या म्हणाल्या, "ती निळी बोट बघितली आणि मला कळलं. सगळं त्याच क्षणी कळलं गं, तो सापडलेला डबा वगैरे नंतरचं. मग मी मागे वळले तर तू उभी होतीस. तुझं तोंड बघितलं मी. वहिनी, माझा मुलगा गेला होता आणि मला तुझी धास्ती वाटली. म्हटलं ही आता वर जाऊन त्या खिडकीतून उडी टाकते."

"काहीतरीच."

"काहीतरीच काय? दादाच्या माघारी तू कशी झाली होतीस ते मी बघितलंय." दादा म्हणजे माझे यजमान, यांचा भाऊ. सात वर्षं झाली त्यांना जाऊन. "म्हटलं, वाचतेय तोवर हिचं बरं चाललंय. मी एकदा बस म्हणून आले की हिच्या त्या 'आला' म्हणण्यावर शिक्काच बसला. गाव म्हणणार, भोंगेवाली खोटी पडली. मग म्हटलं, वाचू दे तिला. तिचं तिला जेव्हा थांबवता येईल तेव्हा थांबवेल."

"आणि तुम्ही रोज ऐकायच्या?"

"छे! खिडकी लावून घ्यायचे. तुझ्या बातम्या ऐकायच्या, त्या जावांचं भांडण ऐकायचं, मग तू नळाची वेळ सांगितलीस की उठायचं आणि खिडकी लावायची. शंभर आकडे मोजायचे. मग उघडायची." त्यांनी डोळे पुसले. "एक दिवस तुला खोकला लागला, तुझं लांबलं, माझे शंभर आधीच झाले आणि मी उघडली. नेमकं तेव्हाच म्हणालीस."

मी उठून चहा ठेवला. साखर कुठल्या डब्यात आहे ते मला विचारावं लागलं नाही. चहा पिऊन होईपर्यंत आम्ही दुसरंच बोलत होतो, कुणाच्या जाळ्याला किती भोकं आहेत आणि नवा धागा कसा लगेच कुजतो ते. मी निघाले तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या येते मी. सकाळी."

"साडेसहाच्या आत या. आणि चप्पल घालून या."

दुसऱ्या दिवशी त्या सव्वासहालाच आल्या. इस्त्रीची साडी, केस घट्ट बांधलेले, चप्पल होती. सेक्रेटरीला मी खालीच थांबवलं. त्याचे गुडघे आज माझ्या बाजूने होते. रीतीप्रमाणे वन्संनी मला 'बस' म्हणायचं, म्हणजे झालं, मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण म्हणाल्या मात्र नाहीत. शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि माइककडे बघत राहिल्या.

मी वाचायला सुरुवात केली. पोस्टमनची बदली झाली. धाकट्या जावेची चिठ्ठी होती, चादरींचंच. धक्क्याच्या उत्तर टोकाला फळ्या बदलायचं काम आहे, तिकडे कुणी जाऊ नये. नळाला पाणी साडेआठला. माझा हात सवयीने पाण्याच्या भांड्याकडे गेला. पुढे म्हणायचं काय ते मला सुचेना. खाली बोटींची इंजिनं चालू होती, अजून सुटल्या नव्हत्या, कारण फळ्यांच्या कामामुळे रांग लागली होती. सगळे खलाशी तिथेच होते आणि मी गप्प.

वन्संनी माइक स्वतःकडे ओढला. भोंग्यातून कर्कश शिट्टी निघाली.

"जरा लांब धरा," मी म्हणाले. तेही गावाने ऐकलं.

"मी एकोणीस नंबरची आई बोलतेय," त्या म्हणाल्या. आपलाच आवाज बाहेरून परत आल्यावर त्या दचकल्या, थांबल्या, मग नीट बसल्या. "बस झालं. आजपासून वाट पाहू नका."

खाली एकेक इंजिन बंद होत गेलं. मी बटणाकडे हात नेला तर त्यांनी तो बाजूला केला.

"आणखी एक. त्या दिवशी बोट आली म्हणून इथून सांगितलं, त्यावरून माझ्या वहिनीला कुणी मनातसुद्धा बोल लावू नका. ते जुनं इंजिन त्या म्हाताऱ्याच्या बोटीत चढवलं तेव्हा मुलाबरोबर दोर धरायला मी होते. माझ्या हाताला फोड आले होते. कुणाकडे गेलं, कुठे गेलं, मला सगळं माहीत होतं." त्यांनी श्वास घेतला. "तरी आवाज आला आणि मला वाटलं, आला. वहिनी बोलायच्या आधीच मी जिना उतरत होते."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे बंद कुठून करायचं?"

मी बटण दाखवलं. त्यांनी ते स्वतःच बंद केलं.